पाव आटा

कंपूच्या वळणावर टेम्पोनं
माझं पुढचं चाक असं वळवलं
की पहिली आच लागलेला पापड.
मला नुसतं कोपराला खरचटलं.
टेम्पोवाला म्हणाला, 'बाबूजी, पहिया तो नया आ जाएगा.'

येतंच. दौलतगंजात इदरीसकडे
खिळ्यांना टांगलेली तयार चाकं आहेत, डझनभर.
मी म्हटलं, सुटं दे.
रिम दे, आरे छत्तीस, निपल छत्तीस,
तुंबा माझा जुनाच.
त्यानं माझ्याकडे पाहिलं,
घरी साबण करणाऱ्या माणसाकडे पाहावं तसं.

एकतीस वर्षं मी खांबांवर तारा ओढल्या,
डबऱ्याकडे, भिंड रोडला, मुरैन्याच्या उन्हात.
उन्हाळ्यात तार जरा ढिली ठेवायची,
नाहीतर माघात तुटते; हे हाताला कळतं.
पुढे त्याच तारा उतरवायलाही मलाच पाठवलं.
किलोवर गेल्या.
ते आज नको.

पहिला आरा व्हॉल्व्हच्या भोकाशेजारी.
मग तीन भोकं सोडून चौथं, पुन्हा तीन सोडून चौथं,
मग चाक पालथं,
मग दोघांवरून आणि तिसऱ्याच्या खालून,
बाज विणताना सुंभ जातो तसा.
छत्तिसावा बसला तेव्हा रात्रीचे अकरा.
आणि बघतो तर
दोन आरे व्हॉल्व्हवर आडवा हात घालून उभे,
पंपाचं तोंड शिरायला जागा नाही.
सगळं सोडलं.
कुमुद म्हणाली, स्वेटर उसवताना लोकर निदान मऊ तरी असते.

दुसऱ्या संध्याकाळी आट्यांना जवसाचं तेल,
चटणीच्या बरणीशेजारची बाटली, न विचारता.
सायकल स्वयंपाकघरात उलटी,
खडू फोर्कला टेकवून धरलेला:
जिथे पांढरं उमटेल तिथे चूक.
डावीकडे घासतंय?
उजवा पाव आटा आवळ, डावा पाव आटा सोड.
लचक गेली की उडी येते.
उडी बसवली की लचक पुन्हा दारात,
चप्पल विसरलेल्या पाहुण्यासारखी.

तिसऱ्या दिवशी चावी खाली ठेवली.
माझा हात मैलाच्या तारेचा.
वीतभराच्या आऱ्याला तो फार मोठा पडतो.

कुमुद ट्रंक बोर्डवर होती, फालक्याच्या एक्स्चेंजला.
नुसत्या श्वासावरून सांगायची,
हा माणूस आता रडणार आहे, याला आधी जोडा.
मेथी निवडत बसली होती.
म्हणाली, वाजवा.

मी नखानं एकेक आरा छेडत गेलो.
'हं.'
'हं.'
'हा ढिला.'
'हा खोटं बोलतोय, शेजाऱ्याच्या जिवावर ताठ आहे.'
'इथे दोघं भांडताहेत, एकाला सोडा.'
मान वर नाही. काड्या एकीकडे, पानं एकीकडे.
ग्वाल्हेरात कान म्हटलं की लोक लगेच गाण्यावर येतात.
हिला गाणं कळत नाही.
हिला लाईन कळते.

साडेनऊला चाक फिरवलं
आणि खडू कुठेच लागला नाही.
म्हणजे, एका जागी लागतो, रिमच्या सांध्याजवळ, केसभर.
इदरीस म्हणाला असता, 'आउट है.'
असू दे.

सकाळी निघालो.
फर्लांगभरही गेलो नसेन, चाकातून
टिण्. टिण्. थोडं थांबून टिण्.
पोटात गोळा. उतरलो, वाकलो, बोटं फिरवली;
तुटलं काहीच नव्हतं.
तीन रात्री मी भरलेला पीळ
आरे एकेक करून सोडत होते,
जागेवर बसत होते.

घरी फोन लावला. 'अगं, ऐक,' म्हटलं,
आणि हँडलवर भार देऊन सायकल ढकलत
फोन चाकाशी धरला, नई सडकेच्या कडेनं,
वाकून, एखाद्या वेड्यासारखा.
बराच वेळ तिकडून काही नाही.
मी विचारलं, येतंय का ऐकू? हे बघ, आता पुन्हा...

'बोलू द्या त्यांना,' कुमुद म्हणाली,
'तुम्ही जरा लाईनवरून बाजूला व्हा.'