व्ही गळा, यू गळा

पंधरा शर्ट. काळे, छातीवर पिवळी अक्षरं.
मुंग्यांच्या परागने गठ्ठा कटिंगच्या टेबलावर टाकला
आणि म्हणाला, काकू, उद्या सकाळपर्यंत.
देश कुठला, विचारलं.
वानुआतू, म्हणाला.
मी म्हटलं, गावाचं नाही, देशाचं नाव सांग.
म्हणाला, तेच. समुद्रात आहे.

पाटीवर अजून सासूचं नाव : यमुना लेडीज टेलर, दौलतगंज.
आल्या त्या लेडीजच, पण शर्ट जेंट्स.
मागच्या वर्षी पुरुषांसाठी शिवलेले, उरलेले.
खांदा कोपराकडे उतरलेला, बगल कमरेपर्यंत,
एकाच्या पाठीवरून तर कुणा गड्याचं नाव खरवडून काढलेलं.
डिंकाची सावली तेवढी राहिली होती
आणि ती सावली घालून एक मुलगी
उद्या देशासाठी उभी राहणार होती.

जानेवारीचं धुकं. मैदानावर चेंडू दिसेना,
म्हणून सराव सोडून माझ्याकडे.
दुकानात सहाजणी मावल्या, बाकीच्या पायरीवर
गजकेचा पुडा फिरवत,
दात वाजवत, हसत.
टेप लावली. लेइसेल, जलद गोलंदाज :
उजवा खांदा डाव्याहून अर्धा इंच मोठा.
माझाही आहे. कात्रीने केलाय.
तिला म्हटलं, हात फिरवून दाखव.
तिने फिरवला.
दोरीवरचे तीन ब्लाउज, हँगर
आणि ट्यूबलाइटचा स्टार्टर, सगळं खाली.
बरं, म्हटलं. एवढा मोकळा हवा.

अडचण पुढेच होती.
दोन्ही कडांनी आत घ्यावं तर अक्षरं शिवणीत जात होती.
इकडून दोन इंच, तिकडून दोन इंच,
मधे उरेल तो देश कुठला?
इंग्रजी मला फारसं वाचता येत नाही.
पण पहिलं अक्षर ओळखीचं निघालं, आणि शेवटचंही.
व्ही गळा.
यू गळा.
बत्तीस वर्षं हेच कापतेय.
बायका येतात, पाठीवर बोट फिरवून सांगतात,
ताई, एवढा खोल नको, घरात सासरे असतात.
आणि इथे तीच दोन अक्षरं उघडी, पिवळीधमक,
त्यांना हात लावायचा नाही.

मग पाठीत टक्स घेतले.
बाह्या पूर्ण उसवल्या, मुंढा वर चढवला.
निसरडं कापड, अकरा नंबरची सुई, दोनदा मोडली.
टोपी बाजारात पिवळा दोरा मिळाला तो जरा हळदी.
चालेल, इतक्या लांबून कुणाला दिसतंय.
उजाडेपर्यंत चौदा झाले.
पंधरावा सावलीचा. त्याच्या पाठीवर काळी पट्टी लावली
आणि परागने खडूने लिहून दिलं तसं
एस्तेरचं नाव साखळीटाक्याने भरलं.
एक अक्षर वाकडं आलं. खडू पुसला होता.

सामन्याला गेले, कधी नव्हे ते दुकान बंद करून.
चेंडू मी पाहिलाच नाही. बगला पाहत होते.
लेइसेल धावत आली, हात वर गेला,
शर्ट जागचा हलला नाही.
शेजारचा माणूस म्हणाला, वाइड.
तो त्याचा हिशेब.

एक्याऐंशी धावांनी हरल्या, आपल्या इथल्याच पोरींकडून.
परतताना गाडी दुकानाशी थांबवली.
लेइसेलने पैसे मोजून ठेवले, म्हणाली,
तांक्यू तुमास.
म्हणजे खूप आभार, त्यांच्या भाषेत, पराग म्हणाला.
मला सासूची पत्रं आठवली, शाई उडालेली :
तुमास कळावे की, इकडे सर्व ठीक.
मीही म्हटलं, तुमास.

एक सांगायचं राहिलं, परागला फोन करायला हवा.
कापड मी कुठेच छाटलेलं नाही.
प्रत्येक शर्टात दीड इंच माया ठेवलीय.
उसवा, लागेल तेवढी सोडा.
पुढची पोर थोराड असेल.