घट

सेलूच्या मोंढ्यात बावीस वर्षं मी तोलार.
माल येतो, काट्यावर चढतो,
मी आकडा हाकारतो, मुनीम लिहितो.
ओल्या सोयाबीनची घट वेगळी,
माती-काडीची वेगळी,
आणि उंदरांची एक, जी कुणीच लिहीत नाही.

परवा युनूस हमालाची तहसीन
बारावीचं पुस्तक घेऊन थप्पीवर बसली होती.
म्हणाली, काका, सूर्यातही घट निघते.
म्हटलं, धरतं कोण?

ती सांगत गेली,
मी तोलाराच्या कानानं ऐकत गेलो.
तिथं खोल पोटात, दाबानं, तापानं
हायड्रोजनचे चार कण मिळून
हेलियमचा एक होतो.
हजार किलो घातला
तर भरतो नऊशे त्र्याण्णव.

सात किलो कुठं गेले?
मोंढ्यात एवढ्यावर गचांड्या धरतात.

त्याचं ऊन झालं, ती म्हणाली.

जळत नाही म्हणे सूर्य.
राख नाही, धूर नाही,
वजन जातं आणि उजेड निघतो,
सेकंदाला चाळीस लाख टन.
तो उजेड हजारो वर्षं आतल्या आत धडपडतो
जत्रेत हात सुटलेल्या पोरासारखा,
आणि एकदा का बाहेर पडला
की सव्वाआठ मिनिटांत इथं, या पत्र्यावर.

त्यातलं आपल्या वाट्याला किती?
तिनं वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं,
दोनदा खोडलं.
दोन किलो.
अख्ख्या पृथ्वीला, सेकंदाला, दोन किलो.

मला हसू आलं.
एवढं तर शेवंताबाई रोज
काट्याखालचं झाडून पदरात नेते
आणि शेठ बघून न बघितल्यासारखं करतो.

तेवढ्या सांडलवंडीवर
समुद्राची वाफ, दुधनेचं पाणी,
सोयाबीनच्या पानात हवा-पाण्याची बांधलेली गोडी,
कडब्यावरची गाय, गाईखालचं वासरू,
आणि युनूसच्या मानेवरची ती शीर
जी पोतं पाठीवर घेताना फुगते.

समोर अंगणात माल वाळत होता.
ज्याच्या घटीतून दाणा भरला
तोच दाण्याची घट करत बसलेला.
याची पावती कोणाच्या नावानं फाडायची?

संपेल का गं?
पाचशे कोटी वर्षं तरी नाही, ती म्हणाली,
आणि पान उलटलं. तिला उद्या पेपर होता.

पाचला सौदे उठले.
झाडू फिरून गेला होता.
रिकाम्या काट्यावर तिरपं ऊन पडलेलं.
सवयीनं मी आकडा बघितला.
शून्य.

खोटा नाही माझा काटा, शिक्क्याचा आहे.
पन्नास ग्रॅमच्या खालचं त्याला दिसत नाही, एवढंच.
तरी मी हात लावून बघितला.
पत्रा गरम होता.