येणे

मृत्यूच्या तारखेचा भाव धरायचा असतो.
आजचा नाही, मी जिना चढून आलो त्या दिवसाचा नाही.
नऊ नोव्हेंबर, मंगळवार.
बाजार बंद होताना सोनं जिथे थांबलं
तिथेच बाईंचंही सगळं थांबलं,
असं हायकोर्ट धरून चालतं.

माहीम, कापडबाजाराच्या मागे, तिसरा मजला, पागडीची जागा.
कै. मंदाकिनी शांताराम कोठारे, अविवाहित,
पोस्टातून निवृत्त. पार्सलाची खिडकी.
भाची केतकी विजयकर चाव्यांचा जुडगा घेऊन उभी,
पंखा लावू की नको, कागद उडतील, म्हणते.

मी लिहीत जातो.
शिवणयंत्र, पायाचं, चालू: दोन हजार.
बंद पडलेल्या गिरणीचे शेअर, चाळीस: शून्य.
शून्यही लिहावं लागतं. रकाना मोकळा दिसला
की फोर्टातला कारकून विचारतो, बघितलंत तरी का?
मिक्सर दुरुस्तीला गेलेला. पावती आहे, मिक्सर नाही.
दूधवाल्याचे एकशे बारा, स्मशानातली लाकडं, भटजी:
ते दुसऱ्या परिशिष्टात. वजा होईल.

पाटल्या यंत्राच्या खणात निघाल्या, बॉबिनांच्या खाली. चार.
कसोटीवर घासल्या. रेघ उमटली,
तेजाबाचा थेंब सोडला
आणि रेघ निघून गेली.
पण मावशी तर प्रत्येक लग्नात ह्याच घालायची, केतकी म्हणाली.
मी म्हटलं, मुलामा चांगला आहे.

खणाच्या तळाशी वही.
पोस्टाच्या पाठकोऱ्या फॉर्मांची, दोऱ्याने शिवलेली,
आणि टाचणीला गंजलेली एक गुलाबी पावती:
विनायक पेडणेकर आणि पुत्र, रानडे रोड, दादर.
सन त्र्याऐंशी. पाटल्या चार, वजन एक्याऐंशी ग्रॅम, रोख दिले.
आठाचं शेपूट असं लांब ओढणारा
दादरमध्ये एकच माणूस होता.

वहीत तिचं अक्षर, सरळ, शिक्क्यासारखं:
"खिडकी उघडण्याआधी पाटल्या काट्यावर ठेवल्या.
पंच्याण्णव. पुन्हा ठेवल्या. पंच्याण्णव.
पेढीवर एक्याऐंशी निघाले.
काही बोलले नाही. आईचं ऑपरेशन गुरुवारी."

तेव्हा मृत्यूवर कर होता.
माणूस गेला की सुतकातलीच माणसं पेढीवर यायची,
चहा घ्यायची, आवाज खाली करून म्हणायची,
विनायकराव, जरा हलकं लिहा.
वडील हलकं लिहायचे. कुणाचं काही जात नव्हतं,
सरकारचं जात होतं.
पंच्याऐंशीत कर गेला.
हात मात्र आधीच शिकला होता.
मेलेल्यांवर शिकलेलं त्याने जिवंतांवर कधी वापरलं,
मला माहीत नाही. मी तेव्हा गल्ल्याशेजारी बसून
गणिताचा गृहपाठ करायचो.

चौदा ग्रॅम.
मुदतीचा कायदा आहे; कुठलाही वकील हसेल.
केतकीने वही वाचलेली नाही.
वही घातली तर रद्दीत जाईल, किलोला बारा रुपये.
पितळ लिहून मी खाली उतरू शकतो,
कोपऱ्यावर उसाचा रस पिऊ शकतो.

पहिल्या परिशिष्टात शेवटी एक ओळ असते:
मयताला इतरांकडून येणे.
तीस वर्षं मी तिथे एकच शब्द लिहीत आलो, निरंक.
पाहिल्याशिवाय. सवयीने.

काका, झालं का, केतकी विचारते.
एक ओळ राहिली, मी म्हणतो.

सोने, बावीस कॅरट, चौदा ग्रॅम. हे शाईने लिहिलं.
कुणाकडून, तेही शाईने: पेढीचं अख्खं नाव,
त्यातल्या "आणि पुत्र" सकट.
भाव मात्र कुठल्या तारखेचा धरायचा?
तिच्या गुरुवारच्या आधीचा, की नऊ नोव्हेंबरचा, की आजचा?
ते मला अजून ठरवता आलेलं नाही.
तो आकडा पेन्सिलीने आहे.