कोंडून ठेव

फयाल बेटावर, दोना इदालिनांच्या स्वयंपाकघरात
कॉम्प्युटर धापा टाकतोय.
झाकण काढलं: मांजराचे केस, मक्याच्या पिठाची भुकटी,
एक वाळकी मुंगी.
पुसलं, फुंकलं. स्कॅन लावला.

खिडकीत पिकोचा डोंगर ढगात जातो, येतो.
आकडा तिथंच.

बाई मासे साफ करता करता विचारतात,
"दुखतंय का त्याला?"

एकेचाळीस टक्क्यांवर सापडलं.
मार्चमधली मेल, ऑर्लांदोच्या नावानं:
आई, फोटो बघ.
आत फोटो नव्हताच.

ऑर्लांदो टोरांटोला. सहा नाताळ झाले.

असलं काही आलं तर उघडायचं नाही, मी सांगते.
त्या सुरीवरचे खवले झटकतात.

डिलीट करू?
"नको. कोंडून ठेव.
नाव तर त्याचंच आहे."