उचललं जाणं

भोंगा वाजला तसे आम्ही
सलायनाच्या चर्चच्या तळघरात उतरलो.
पास्टरांचा धडा वरच राहिला:
महासंकट, हर्मगिदोन,
फळ्यावर बाण, बाणांपुढे वर्षं.

व्हर्ना स्टकीबाईंनी मांडीवरच्या भांड्याचा
फॉइल सोलला. बटाट्यांची वाफ.
"प्रकटीकरण म्हणजे मुळात एवढंच,
झाकण काढणं.
आणि रॅप्चरला तुमच्यात काय म्हणतात?"

"उचललं जाणं," म्हणाले खरी,
पण चोरही उचलतो,
माझ्या धाकट्या दिराला देवानं उचललं
ऐन तिशीत.
इंग्रजीत यातलं किती सांगू?

वर वारा छपराचे खिळे मोजत होता.
दिवे गेले.
पास्टरांचा तीन वर्षांचा इझ्रा
चाचपडत कुणाच्या तरी गुडघ्यांशी आला,
माझ्याच,
आणि दोन्ही हात वर केले.

उचलला.
चांगलाच जड होता.