मोजणीची मूठ

फर्मागुढीच्या पठारावर रात्री अडीचला
सोळा यंत्रं एकमेकांना निरोप टाकत बसलेली,
आणि कुंभारजुव्याच्या कालव्यातली उद्याची भरती
अजून कालच्याच आकड्यावर अडकलेली.

कोणीतरी एक मागे राहतंय.
कोण, ते सोळाही जण सांगत नाहीत;
वाट पाहणं आणि काम करणं
बाहेरून सारखंच दिसतं. पंखे तेवढेच फिरतात.

म्हणून लायब्ररीलाच विचारलं,
तुझ्या पोटात मोजण्यासारखं काय काय आहे?
तिनं यादी दिली. बरीच खाली एक ओळ:
अनपेक्षित निरोपांची रांग.
मागण्याआधीच येऊन उभे राहिलेले,
ज्यांना घ्यायला अजून कोणी हात पुढे केला नाही असे.
म्हटलं, हीच. हिची मूठ दे माझ्या हातात.

देईना.
सत्र उघडलेलं, क्रमांक बरोबर,
तरी तेच रूक्ष उत्तर, तीनदा.

पुनो गावडे, रात्रपाळीचा, थर्मास घेऊन आला.
दुर्भाटचा. त्याच्या बापाचा जन्म
खाजणाच्या मानशीवर फळ्या टाकण्या-उचलण्यात गेलेला.
त्याला म्हटलं, पाणी किती तुंबलंय ते मोजायचंय,
माप मिळत नाहीये.
कपात चहा ओतत त्यानं विचारलं,
"खंयच्या मानशीर?"

खरंच की.
मी माप मागत होते, मानस सांगत नव्हते.
कुठल्या गटातली रांग, कोणाकोणाच्या मधली?
नुसत्या पाण्याला उंची नसते,
ती कुठल्या तरी एका खांबावरच्या खुणेला असते.

गट जोडला. सोळा जागी सोळा मुठी मिळाल्या.
पण मूठ हाती आली म्हणजे मोजू लागली असं नाही,
तिला सुरू हो म्हणावं लागतं.
तेही मी विसरले.
वीस मिनिटं शून्य, शून्य, शून्य,
आणि मी आपली खूश.

मग अकरा नंबरच्या दाराशी चारशे सात.
बाकीच्यांकडे दोन, पाच, एखाद्याकडे काहीच नाही.

अकरा नंबर. ज्याला भंगारात काढा म्हणून
सोमवारी मी सहीनिशी लिहून दिलंय.
नकाशा उघडून पाहिला:
कालव्याचे तुकडे पाडताना सगळी खारफुटी,
सगळे वळसे, बांधांच्या कडा, आडवे फाटे
मीच त्या एकट्याच्या पदरात टाकले होते
आणि सरळ, उघडं, सोपं पाणी
पंधरा जणांत सारखं वाटलं होतं.
ते आपलं उरकून त्याच्या दारात निरोप ठेवून जात होते,
तो मान वर करत नव्हता.

पहाटे कात्री पुन्हा चालवली.
मुठी परत केल्या, घेतल्या तेवढ्या; सत्र मिटलं.
सोमवारचा कागद टेबलावरून उचलायला गेले
तर तो आधीच वर गेलेला.

पुनो पाळी संपवून निघाला तेव्हा
थर्मासचं झाकण माझ्याकडेच राहिलं,
तळाशी घोटभर चहा, गार.