डाव्या अंगठ्यानं

घुमटाच्या फटीवरचा बर्फ लाकडी मोगरीनं झोडायचा,
हे दिवसाचं पहिलं काम.
दुसरं, हात लांब करून
अंगठ्यानं सूर्य झाकायचा.
अंगठ्याच्या कडेपर्यंत आभाळ निळंच राहिलं
तर यंत्र उघडायचं.
कडेला दुधाळ झाक दिसली, तर चहा.

हे वोयतेखनं शिकवलं.
त्याच्या उजव्या अंगठ्याचं पेर हिमदंशानं गेलेलं,
म्हणून तो डावा वापरायचा. म्हणायचा,
उजव्याचं ऐकलं तर आभाळ रोजच खराब.

नळीच्या आत पितळेची चकती आहे,
नाण्याहून लहान.
ती नेमकी सूर्यावर बसली की भोवतीची प्रभा दिसू लागते:
झिरमिळ्या, कमानी, एखादी उसवलेली शिवण.
कोंबडं झाकलं तरी उजाडायचं राहत नाही म्हणतात.
आम्ही थेट त्यालाच झाकतो
आणि मग कुठे काही दिसतं.
भिंगावर धुळीचा एक कण पुरतो
खोटा तारा उगवायला.

खाली तात्रांच्या पायथ्याशी
नोव्हेंबरचं धुकं हललेलं नाही.
वरून दिसते नुसती साय.
सायीखाली आमचं गाव,
आणि दुपारी दोनला दिवा लावून बसलेली आई.
वाऱ्यामुळे पाळणा बंद, त्यामुळे फोनच.
ती विचारते, "कसा आहे आज?"
जणू दवाखान्यात आमचं कुणी आहे.
चार डाग, मी सांगते. दोन अगदी बारीक.
"आणि तो मोठा?"
तो मागे गेला काल. दोन आठवडे दिसणार नाही.
"मागे म्हणजे, असतो ना पण?"
असतो. किंवा विरतो.
वळून आल्याशिवाय सांगता येत नाही.
ती काही बोलत नाही.
तिच्याकडे किटली वाजत राहते.

बाबा ओस्त्रावाच्या खाणीत होते तेव्हा
तीन आठवड्यांनी, शनिवारी यायचे,
पापण्यांच्या मुळाशी काळी रेघ घेऊन.
आई दारातून आधी ती रेघ पाहायची,
मग माणूस.
एका शनिवारी गाडीतून दुसरेच दोघे उतरले,
टोप्या हातात धरून.
त्यांचे डोळे स्वच्छ होते.

आज चौदावा दिवस. साय तशीच.
कागदावर वितीपेक्षा थोडं मोठं वर्तुळ,
त्यात सूर्य थरथरतो, पातेल्यातल्या पाण्यासारखा.
शिसपेन टोकदार लागते.
आधी डागाचा गाभा भरायचा, मग भोवतीची फिकट झालर.
पूर्वेच्या काठाशी काहीतरी आहे,
चपटं, कापलेल्या नखाएवढं.
तोच का, ठाऊक नाही.
नियम असा, की परतलेल्यालाही
नवाच क्रमांक द्यायचा.
दिला.

फोन पाच वाजता.
काय सांगायचं ते ठरलेलं नाही.
नोंदवहीत एवढंच:
उणे सतरा. वारा पश्चिमेचा.
आभाळ कडेपर्यंत निळं,
डाव्या अंगठ्यानं तपासलं.